डोकं कुणावर गेलं

पप्पा,

तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, त्यामुळे उत्तर मिळणार नाही हे मला कळतं. तरी विचारते. तुम्हाला माहीत होतं का? हे पत्र मी आधी आपल्या घरच्या बोलीत लिहायला घेतलं होतं. दोन ओळी लिहिल्या आणि कागद फाडला. त्या बोलीत तुमच्यावर संशय घेता येईना. त्या बोलीत तुम्ही मला केळीच्या बागेत खांद्यावर घेऊन फिरता, पाटातल्या पाण्यात माझे पाय धुता. शाळेच्या मराठीत मात्र तुम्ही सर आहात, आणि सरांना प्रश्न विचारता येतो. शाळेत ‘सर’ आणि घरी ‘पप्पा’ म्हणायचं हा नियम तुमचाच होता. आज मी शाळेत उभी आहे असं समजा.

सांडोरच्या घराचं स्वयंपाकघर आठवतं. मी नऊ वर्षांची, माझा भाऊ सहा वर्षांचा. आई तव्यावर बोंबील तळते आहे आणि तुम्ही पाटावर बसून आम्हा दोघांकडून पाढे म्हणून घेता आहात. मला तेवीसचा पाढा आठवडाभर येत नव्हता. रोज सातव्या पायरीवर मी अडायचे. त्या दिवशीही अडले. तुम्ही भुवया वर केल्यात आणि मी आईच्या पाठीकडे बघत राहिले. तेवढ्यात तो बोलायला लागला. त्याला कुणी विचारलं नव्हतं, शिकवलंही नव्हतं. माझं अडखळणं रोज ऐकून ऐकून त्याला तेवीसचा पाढा पाठ झाला होता, एका दमात दोनशे तीसपर्यंत. तुम्ही त्याला उचलून मांडीवर घेतलंत आणि म्हणालात, “याचं डोकं माझ्यावर गेलंय.” मग माझ्याकडे बघून, अगदी सहज, “तू आईवर गेलीस.” आईनं बोंबील उलटला. बागेतल्या कुठल्या केळीला घड कधी आला, गावात कुणाचं मूल कुणाच्या आधी किती दिवस जन्मलं, हे सगळं जिच्या डोक्यात होतं ती बाई माझ्याकडे पाठ करून उभी होती, आणि मला तिच्यावर गेल्याचं वाईट वाटत होतं. ते वाक्य तुम्ही नंतर किती वेळा बोललात! पाहुण्यांसमोर, त्याच्या प्रगतिपुस्तकावर सही करताना, चर्चबाहेर. सगळे मान डोलवायचे. नाक तुमचं, अक्षर तुमचं, डोकं तुमचं. मी तेव्हापासून त्याच्याकडे जरा तिरक्या नजरेनं बघते. ती नजर अजून गेलेली नाही.

आठवीत मला विज्ञानात पैकीच्या पैकी मार्क मिळाले. पेपर तुम्ही काढला होता आणि तो आपल्या घरी, लाकडी कपाटात होता. तुम्ही उत्तरपत्रिका वाटल्यात, माझी शेवटी ठेवलीत आणि सगळ्या वर्गासमोर मला उभं केलंत. “कपाट उघडलं होतंस?” मी म्हटलं, “नाही, सर.” “मग पुढे ये. पचनसंस्थेची आकृती काढ.” मी खडू घेतला. अन्ननलिका काढली, जठर काढलं, यकृत, स्वादुपिंड, लहान आतडं, मोठं आतडं. नावं दिली. माझा हात इतका थरथरत होता की आतड्याच्या वळ्या आपोआप छान आल्या. तुम्ही बराच वेळ फळ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, “बस जागेवर.” एवढंच. त्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर तुम्ही मला माडाखाली थांबवलंत आणि खिशातून एक भिंग काढून हातात दिलंत. पितळी कडीचं, जुनं. “संशय आला की पुरावा मागायचा,” तुम्ही म्हणालात. “मी मागितला, तू दिलास. झालं.” चुकलो असं तुम्ही म्हणाला नाहीत. मला ते भिंग फार आवडलं. त्याच्याखाली मी मुंगी बघितली, मीठ बघितलं, बोटात काटा गेला तेव्हा रक्ताचा थेंब बघितला, आणि पुढे रक्त बघण्याचंच काम धरलं. पण एक गोष्ट मी विसरले नाही. त्याला दरवर्षी पैकीच्या पैकी मिळायचे. पेपर त्याच कपाटात असायचे. त्याला तुम्ही कधीही फळ्याशी बोलावलं नाहीत.

त्रेपन्नाव्या वर्षी तुम्ही शाळा सोडलीत. मुख्याध्यापकांशी भांडण झालं, असं घरी येऊन सांगितलंत. कशावरून ते सांगितलं नाहीत. आम्ही विचारलंही नाही, कारण तुमचा स्वाभिमान आम्हाला ठाऊक होता. आईनं त्या दिवसापासून मुख्याध्यापकांशी बोलणं बंद केलं. चर्चच्या पायऱ्यांवर ते समोर आले की ती पदर सारखा करून दुसऱ्या बाजूनं उतरायची. दोन वर्षांत तुमचं सगळं उघड झालं. तुम्ही आईला तांदळाचं पिंप उपसायला लावायचात, कारण तिनं तुमच्या उत्तरपत्रिका त्यात लपवल्या होत्या. मी लग्न होऊन विरारला, मनवेलपाड्याला राहायला गेले होते. रविवारी यायचे तेव्हा तुम्ही माझी पर्स तपासायचात. माणसाला विसरायला लागलं की आधी संशय येतो, हे मला खूप नंतर डॉक्टरांनी सांगितलं. वस्तू हरवल्या असं वाटत नाही, कुणीतरी नेल्या असंच वाटतं. शेवटच्या वर्षी एकदा तुम्ही मला शेजारी बसवून अदबीनं विचारलंत, “तू कुठल्या वर्गात होतीस?” मी म्हटलं, “आठवी ब.” “हुशार होतीस?” मी म्हटलं, “ठीक होते, सर.” तुम्ही हसलात. त्या दिवशी मी पहिल्यांदा तुम्हाला घरात सर म्हटलं आणि तुमच्या ते लक्षातही आलं नाही.

आम्ही तुमच्या विसरण्याला म्हातारपण म्हणत होतो. एकसष्टाव्या वर्षी माणूस जातो आणि आम्ही म्हातारपण म्हणतो! मी प्रयोगशाळेत काम करणारी बाई, दिवसाला चाळीस माणसांचं रक्त काढते, नळीवर नाव चुकलं तर लांबून ओळखते, आणि मला यात काही खटकलं नाही. खटकलं ते मी पन्नाशीला आले तेव्हा. एका सकाळी नेहमीच्या पेशंटचं नाव आठवेना. समोर बसलेली बाई मला नावानं हाक मारत होती आणि माझ्याकडे तिच्यासाठी काहीच नव्हतं. नाव पाच मिनिटांत आठवलं. पण त्या पाच मिनिटांनी माझा ताबा घेतला. गॅस बंद केला का, ते तीनदा बघायला लागले. किल्ली ठेवताना मोठ्यानं बोलायला लागले. आणि मग, पप्पा, मला दुसरा संशय यायला लागला. तो स्वतःवरच्या संशयापेक्षा सोपा होता. मी त्याच्यावर लक्ष ठेवायला लागले.

तुमच्या मुलाचा वालीवला गाळा आहे. तुम्ही असताना एक लेथ मशीन होतं, आता पाच मशिनं आहेत. तो डाय बनवतो, म्हणजे पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे भाग पाडायचे साचे. त्या धंद्यात त्याचं नाव आहे ते एकाच गोष्टीसाठी. दहा वर्षांपूर्वी केलेल्या साच्याची मापं तो कागद न बघता सांगतो. सांगायचा. गेल्या वर्षी त्यानं मला एकाच दुपारी दोनदा फोन करून एकच बातमी सांगितली. नाताळला यायचं आमंत्रणही दोनदा दिलं. मी काही बोलले नाही. पण त्यानंतर मी त्याला गप्पांमध्ये प्रश्न घालायला लागले. आईच्या पुण्यतिथीच्या मिस्साला कोण कोण आलं होतं रे? मागच्या वेळी मी कुठली भाजी आणली होती? तो उत्तर द्यायचा, मी मनात बरोबर-चूक मांडायचे. तुमच्यासारखीच, फक्त भुवया न हलवता. त्याचं चुकलं की भीती वाटायची आणि त्याच वेळी, कसं सांगू, हलकंही वाटायचं.

एका शनिवारी दुपारी मी गाळ्यावर गेले. कामगार जेवायला गेले होते. मी बघितलं तर प्रत्येक खणावर पांढरी चिकटपट्टी, त्यावर तुमच्या अक्षरात, म्हणजे त्याच्या अक्षरात, लिहिलेलं: ड्रिल, टॅप, छोटे पाने, मोठे पाने. वीस वर्षं जे खण तो न बघता उघडायचा त्यांच्यावर नावं. मी विचारलं, “हे कशाला?” तो म्हणाला, “नवीन पोरांना कळावं म्हणून.” मी मान हलवली आणि म्हटलं, “बरं, मागच्या महिन्यात आपण पालीला गेलो होतो तेव्हा...” त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं.

“ताई, बस. झालं आता.”

“काय झालं?”

“तू परीक्षा घेतेस माझी. सहा महिने घेतेस. मला कळत नाही असं वाटतं तुला?”

तो टेबलाशी गेला, खण उघडून एक दोनशे पानी वही काढली आणि माझ्यापुढे टाकली.

“मीही घेतोय तुझी,” तो म्हणाला. “वाच. तुझं सगळं लिहून ठेवलंय. मला वाटलं, तूच जाणार पप्पांच्या वाटेनं. तू मोठी ना!”

मी वही उघडली. माझ्या चुका तारखेनिशी लिहिल्या होत्या. ताई चष्मा डोक्यावर ठेवून शोधत होती. ताईनं मला दोनदा विचारलं चहा घेणार का. ताईनं चहात साखरेऐवजी मीठ घातलं. मला राग आला, हसू आलं. आणि मग पान उलटलं. ताईनं चहात साखरेऐवजी मीठ घातलं, तारीख वेगळी. आणखी दोन पानांनंतर परत तेच, परत वेगळी तारीख, शब्दसुद्धा तेच. चहात मीठ मी एकदाच घातलं होतं, पप्पा. मी पुढची पानं उलटली नाहीत. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. लहानपणापासून आम्ही एकमेकांचे चेहरे वाचत आलो आहोत, त्याला वेळ लागला नाही. तो वाकला, वहीत मी बोट ठेवलं होतं तिथे बघितलं, मागचं पान बघितलं, त्याच्या मागचं बघितलं. मग तो खुर्चीवर बसला. बाहेरून कामगार हात धुऊन परत येत होते, त्यांचं हसणं ऐकू येत होतं. तो एवढंच म्हणाला, “तीनदा लिहिलंय का गं?”

वसईच्या डॉक्टरांनी आम्हाला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. त्याच्या तपासण्या झाल्या, मेंदूचं स्कॅनिंग झालं. मग एक तरुण मुलगी आमच्याशी बोलायला बसली. समुपदेशक होती, माझ्या भाचीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं कागदावर आपलं घराणं काढलं. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल. तुमचा चौकोन तिनं काळा केला, त्याचा काळा केला, माझा गोल रिकामा ठेवला. मग पेन वर नेऊन विचारलं, “आजोबा कसे गेले?” आम्ही दोघं एकदमच म्हणालो, “पाय घसरून. बावखलात.” आपल्या घरामागचं ते तळं तिला समजावून सांगावं लागलं, पावसाचं पाणी साठवून बागेला द्यायचं ते. तिनं विचारलं, “वय?” बावन्न-त्रेपन्न असावं. तिनं आजोबांच्या चौकोनात काळं भरलं नाही. प्रश्नचिन्ह काढलं.

तिनं सांगितलेलं मला नीट समजलं, कारण मला ते समजून घ्यायचंच होतं. म्हातारपणी ज्यांना विसरणं येतं त्यांच्यापैकी बहुतेकांना ते असं एका कारणानं येत नाही, पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा हात असतो आणि जगण्याचाही असतो. पण फार थोड्या घरांमध्ये एकच जनुक बदललेला असतो, एखाद्या अक्षराएवढा. त्यानं मेंदूतलं एक प्रथिन चुकीच्या जागी कापलं जातं, चिकट तुकडे साठत जातात आणि पन्नाशीच्या आगेमागे माणूस विसरायला लागतो. आईबापांपैकी एकाकडे तो बदल असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. मी तिला विचारलं, “ज्याची स्मरणशक्ती लहानपणी फार चांगली असते त्यालाच हा आजार होतो का?” तिला प्रश्न विचित्र वाटला असावा. ती म्हणाली, “नाही हो. त्याचा याच्याशी संबंध नाही. आणि चांगली स्मरणशक्ती अशी एका जनुकात बसलेली नसते.” तिनं सांगितलं की आपण काही नवीन शिकतो तेव्हा मेंदूच्या पेशींत काही जनुकं त्या वेळेपुरती जागी होतात, त्यांच्यापासून प्रथिनं तयार होतात, आणि त्यांनी दोन पेशींमधला सांधा पक्का होतो. पुन्हा पुन्हा म्हटलं की आणखी पक्का. हे सगळ्यांच्या डोक्यात होतं. म्हणजे त्या दिवशी स्वयंपाकघरात, पप्पा, माझ्याही डोक्यात तेच चाललं होतं जे त्याच्या डोक्यात चाललं होतं. मी अडत होते तेव्हाही. तुम्ही विज्ञान शिकवायचात. तेव्हा हे तुमच्या पुस्तकात नसेल, मान्य. पण तुम्ही इतक्या खात्रीनं कसे बोलायचात?

त्या प्रश्नचिन्हाने मला स्वस्थ बसू दिलं नाही. मी तुमच्या मुख्याध्यापकांकडे गेले. ते पंच्याऐंशीचे झाले आहेत, एका डोळ्यानं दिसत नाही. पुढच्या पडवीत बसून होते. मी सरळ विचारलं, “सर, तुमचं आणि पप्पांचं भांडण कशावरून झालं होतं?”

“झालंच नव्हतं, बाय,” ते म्हणाले. जणू कुणीतरी विचारेल म्हणून वाट बघत बसले होते. “तुझा बाप माझ्या खोलीत आला, दार लावलं. म्हणाला, आज आठवी ब मध्ये हजेरी घेतली, ती दहा-बारा वर्षांपूर्वीच्या मुलांची. एक पोरगा उठून म्हणाला, सर, हे माझ्या काकाचं नाव आहे. सगळी हसली. एवढं सांगून तो माझ्यासमोर बसला. म्हणाला, माझ्या बापाचं असंच झालं. बावखलात पाय नव्हता घसरला त्याचा. घर कुठे ते विसरला आणि पाण्यात चालत गेला. मी काठावर होतो.”

मी विचारलं, “मग आम्हाला का नाही सांगितलं?”

“मी म्हटलं होतं, मुलांना सांग. तर म्हणाला, काय सांगू? औषध नाही, तपासणी नाही, नुसती भीती देऊ का हातात? आपलं भांडण झालं असं सांगतो, तुम्हाला चालेल ना?”

“आणि तुम्हाला चाललं?”

“चाललं म्हणजे काय! तुझी आई मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.”

मला तरी लगेच खरं वाटलं नाही. इतक्या वयाच्या माणसाच्या आठवणीवर किती भरवसा ठेवायचा, आणि मेलेल्या मित्राला कुणीही चांगलंच ठरवतं. तुम्हीच शिकवलंत, पुरावा मागायचा. माझ्या मनातलं त्यांना कळलं की काय कोण जाणे. ते म्हणाले, “तुझ्या भावाचं लग्न त्याच वर्षी होतं. आठव. वचनं द्यायच्या वेळी तुझा बाप बाहेर आला आणि घंटेखाली उभा राहून रडला. मी होतो त्याच्यापाशी. म्हणत होता, थांबवू का लग्न? आत जाऊन सांगू का?” पप्पा, तुम्ही उठून बाहेर गेलात ते मी पहिल्या रांगेतून बघितलं होतं. उकाड्यानं गेलात असं आई म्हणाली होती. बाहेर काय झालं ते मी बघितलं नव्हतं, पण जाताना तुमचे खांदे बघितले होते. पंचवीस वर्षांनी ते खांदे मला कळले. तेव्हा माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालेलं आहे. तुम्हाला माहीत होतं. मी अजून ठरवू शकलेले नाही की तुम्ही आम्हाला वाचवलंत की फसवलंत. सकाळी एक वाटतं, दुपारी दुसरं.

त्याचं रक्त मीच काढलं. माझ्याच प्रयोगशाळेत, जांभळ्या टोपणाच्या नळीत. त्यानं बाही वर केली आणि म्हणाला, “दुखवू नकोस. पाढे मी म्हणून दाखवले तेव्हापासून राग आहे तुझा.” मी म्हटलं, “मूठ आवळ.” नळीवर त्याचं नाव लिहिलं, दोनदा वाचलं, मग त्याला वाचायला लावलं. दीड महिन्यानं त्या मुलीनं आम्हाला समोर बसवून सांगितलं. चौदाव्या गुणसूत्रावर बदल होता. तुमच्याकडून आलेला. बाहेर इस्पितळाच्या लांब पॅसेजमध्ये बाकड्यावर आम्ही बसलो. तो म्हणाला, “आता तुझी तपासणी कर. तुझीही तशीच निघाली तर बरं होईल. दोघं मिळून विसरू.” तो हसत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता.

मी माझं रक्त दिलं. आता काय शोधायचं ते त्यांना त्याच्या रक्तातून कळलं होतं, त्यामुळे माझं उत्तर पक्कं येणार होतं, हो किंवा नाही. ते ‘नाही’ आलं. माझा विश्वास बसला नाही. नळ्या कशा बदलतात ते मला माहीत आहे, मी लोकांना त्यावरून ओरडले आहे. मी त्या मुलीला म्हटलं, पुन्हा करा. तिनं समजावलं, मी ऐकलं नाही. दुसऱ्यांदा रक्त दिलं, दुसरीकडे पाठवलं. पुन्हा ‘नाही’. माझं विसरणं पन्नाशीचं होतं, झोप न लागण्याचं होतं, भीतीचं होतं. तो कागद हातात घेतल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं ते तुम्हालाच सांगू शकते, कारण तुम्ही आता कुणाला सांगणार नाही. मला वाटलं, पप्पांना दाखवायला हवं. बघा, माझं डोकं तुमच्यावर नाही गेलं. मी आईवर गेले. पन्नास वर्षांच्या बाईला, भाऊ असा समोर बुडत असताना, हे सुचलं. मग मला त्याच्यासाठी रडू आलं. पण ते नंतर आलं.

तुम्ही जे केलं नाहीत ते त्यानं केलं, हे तुम्हाला कळायला हवं. मी त्याला म्हटलं होतं, थांब, पोरीची शेवटच्या वर्षाची परीक्षा होऊ दे. म्हणजे मीही तुमच्यासारखीच. त्यानं ऐकलं नाही. दुपारी तिला आणि मला गाळ्यावर बोलावलं, डबा उघडला आणि भाताचा घास घेता घेता सांगितलं, “तुझ्या आजोबांना झालं होतं ते मला झालंय. तुलाही असेल किंवा नसेल. निम्मी निम्मी शक्यता आहे. तपासता येतं.” ती म्हणाली, “मला माहीत होतं, पप्पा.” मी विचारलं, “कसं गं?” “तुम्ही दोघं वर्षभर एकमेकांकडे चोर पकडल्यासारखे बघता, आत्या. मला काय डोळे नाहीत?” तपासणी ती आत्ता करणार नाही म्हणाली. तिशी आली की बघेन म्हणाली. तो तिचा हक्क आहे, त्या समुपदेशक मुलीनंही तेच सांगितलं. मग तिनं हात धुतले आणि त्याला म्हणाली, “मला डाय लावायला शिकवा. तुमच्या डोक्यात जे आहे ते कागदावर नाहीये.” आता ती दर शनिवारी वालीवला जाते. तो बोलताना शब्द विसरतो, पण हात साच्यावर ठेवला की हाताला सगळं येतं. ती त्याच्या हातांकडे बघत शिकते. चुकली की तो पुन्हा दाखवतो. पुन्हा दाखवलेलं त्याला आठवत नाही, म्हणून तो चिडतही नाही. तुम्ही कधी इतक्या शांतपणे शिकवलं नव्हतं.

हे पत्र मी दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, तुमच्या कबरीवर मेणबत्तीखाली ठेवणार होते. ठेवणार नाही. त्या दिवशी आम्ही दोघं बरोबर येतो. कबर तो पुसतो, फुलं मी लावते, आणि कागद दिसला तर तो उघडून वाचणारच. वाचणं त्याला अजून जमतं. पप्पा, माझा दुसरा रिपोर्ट येऊन तीन आठवडे झाले. तो रोज संध्याकाळी फोन करून विचारतो, “तुझा आला का गं?” मी रोज सांगते, नाही अजून.